सँडी टर्नबुल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर युनायटेडचा किंवा सिटीचा जुना इतिहास वाचणारे मराठी वाचक सँडी टर्नबुलबद्दल सतत प्रश्न पाठवतात. त्यातले निम्म्याहून अधिक १९१५ च्या मॅच फिक्सिंगबद्दल असतात. तो विषय इथे आहेच (प्रश्न १६ ते १८), पण तेवढंच वाचून या खेळाडूचं मोजमाप करणं चुकीचं होईल. १९०६ ची बंदी, १९०९ चा संप आणि १९१५ चा कलंक या तिन्ही घटना खेळाडूच्या पगारावर घातलेल्या एका मर्यादेभोवती फिरतात. म्हणून प्रश्न ६ आधी वाचावा, पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

१. सँडी टर्नबुल कोण होता? थोडक्यात सांगा.

स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात, किलमार्नॉकजवळच्या हर्लफर्ड या खाणवस्तीत १८८४ साली त्याचा जन्म झाला. कोळशाच्या खाणीत काम करत तो हर्लफर्ड थिसल या स्थानिक संघातून खेळू लागला. १९०२ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं. सिटीबरोबर त्याने १९०३ मध्ये द्वितीय श्रेणीचं विजेतेपद आणि १९०४ मध्ये एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची मुख्य स्पर्धा) मिळवला. १९०७ पासून तो मँचेस्टर युनायटेडकडून खेळला. तिथे त्याने १९०८ आणि १९११ अशी दोन लीग विजेतेपदं जिंकली आणि १९०९ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल केला. डिसेंबर १९१५ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. ३ मे १९१७ रोजी फ्रान्समध्ये अरासच्या आघाडीवर तो मारला गेला, तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

२. अलेक्झांडर, अलेक, सँडी, ए. टर्नबुल ही सगळी एकाच माणसाची नावं का? आणि जिमी टर्नबुल त्याचा भाऊ होता का?

पहिल्या चारही नावांचा माणूस एकच. कागदोपत्री अलेक्झांडर, स्कॉटिश रिवाजाप्रमाणे घरगुती नाव सँडी, आणि वर्तमानपत्रांच्या संघयादीत "ए. टर्नबुल".

जिमी टर्नबुल मात्र वेगळा खेळाडू. तोही स्कॉटिश, तोही १९०७ मध्येच युनायटेडकडून खेळू लागलेला, पण नात्यातला नाही. जिमी सेंटर-फॉरवर्ड खेळायचा आणि सँडी त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे आक्रमणात दोघे खांद्याला खांदा लावून. त्यामुळे आकड्यांचा हमखास घोळ होतो. २० फेब्रुवारी १९०९ रोजी एफए कपमध्ये युनायटेडने ब्लॅकबर्न रोव्हर्सला ६–१ असं हरवलं, तेव्हा सहाही गोल टर्नबुलच्या नावावर लागले. त्यातले तीन सँडीचे आणि तीन जिमीचे. ऑगस्ट १९०८ मध्ये पहिल्या चॅरिटी शील्डच्या (विजेत्या संघांमधल्या मानाच्या लढतीच्या) फेरसामन्यात क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्धची हॅटट्रिक जिमीची आहे, ती सँडीच्या खात्यात टाकलेली अनेक ठिकाणी दिसते. जुनी संघयादी वाचताना "जे." आणि "ए." ही आद्याक्षरं तपासल्याशिवाय आकडा उतरवून घेऊ नये. जिमी १९१० मध्ये क्लब सोडून गेला, त्यानंतरच्या हंगामांत हा धोका उरत नाही.

३. हर्लफर्ड थिसल हा "ज्युनिअर" क्लब होता असं वाचलं. म्हणजे तो मुलांच्या संघातून थेट सिटीकडे आला का?

नाही. स्कॉटिश फुटबॉलमध्ये "ज्युनिअर" म्हणजे वयोगट नव्हे, स्पर्धेचा दर्जा. मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवरचे हे क्लब प्रौढ पुरुषांचेच असत. खाणवस्त्यांतले असे संघ अतिशय दणकट खेळ खेळत आणि इंग्लिश क्लबांचे लोक खेळाडू हेरायला तिथे नेमाने येत. टर्नबुल अठराव्या वर्षी सिटीकडे आला तो असा, मोठ्या माणसांत खेळून तयार झालेला. सिटीचे तेव्हाचे व्यवस्थापक टॉम मेली हेही स्कॉटिश वळणाचे. सेल्टिकचे प्रसिद्ध व्यवस्थापक विली मेली यांचे ते भाऊ. छोट्या पासांचा स्कॉटिश खेळ त्यांनी सिटीत रुजवला आणि टर्नबुल त्यात चपखल बसला.

४. इनसाइड-लेफ्ट म्हणजे आजच्या संघातली कोणती जागा? तेव्हाचे नियम आजच्यासारखेच होते का?

तेव्हा २–३–५ ही मांडणी रूढ होती. दोन बॅक, तीन हाफबॅक, पाच फॉरवर्ड. पाचांमध्ये डाव्या विंगर आणि सेंटर-फॉरवर्ड यांच्या मधला तो इनसाइड-लेफ्ट. आजच्या भाषेत दुसरा स्ट्रायकर आणि आक्रमक मिडफिल्डर यांच्या मधलं काम. मागून चेंडू घ्यायचा, विंगरला सोडायचा आणि क्रॉस येईपर्यंत गोलपुढे पोचायचं. युनायटेडमध्ये त्याच्या डावीकडे जॉर्ज वॉल असे आणि समोरच्या उजव्या टोकावरून बिली मेरेडिथचे क्रॉस येत. टर्नबुल ठेंगणा आणि भरीव बांध्याचा होता, तरीही हेडरमध्ये पटाईत.

नियमांतले चार फरक लक्षात ठेवले तर जुने वृत्तांत नीट समजतात. ऑफसाइड टाळायला पुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू लागत. दोनचा नियम १९२५ मध्ये आला. बदली खेळाडू नव्हतेच, जखमी झाला तर संघ दहांवर यायचा (हे प्रश्न ११ मध्ये कामी येईल). विजयाला दोन गुण मिळत आणि गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून सरासरी काढत (हे प्रश्न १७ मध्ये). आणि १९१२ पर्यंत गोलकीपर स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकत असे.

५. त्याचे एकूण सामने आणि गोल किती? दर ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

सर्वसाधारणपणे मान्य असलेले आकडे असे. सिटीकडून लीगचे ११० सामने आणि ५३ गोल. एफए कप धरून ११९ सामने, ६० गोल. युनायटेडकडून लीगचे २२० सामने आणि ९० गोल, एफए कपचे २५ सामने आणि १० गोल, चॅरिटी शील्डचे २ सामने आणि १ गोल, असे २४७ सामन्यांत १०१ गोल. दोन्ही मिळून ३६६ सामने आणि १६१ गोल.

फरक तीन कारणांनी पडतो. कुणी फक्त लीगचे आकडे देतं, म्हणून युनायटेडचे ९० आणि १०१ असे दोन आकडे फिरतात. कुणी चॅरिटी शील्ड धरत नाही. त्यातला त्याचा गोल १९११ च्या स्विंडनविरुद्धच्या ८–४ सामन्यातला आहे, ज्यात युनायटेडच्याच हॅरोल्ड हॅल्सने एकट्याने सहा मारले. तिसरं कारण प्रश्न २ मध्ये आलं आहे. मैत्रीपूर्ण आणि युद्धकाळातले सामने अधिकृत आकड्यांत धरत नाहीत, ते कुणी मिसळले असतील तर तो तक्ता बाजूला ठेवावा.

६. "चार पौंडांची मर्यादा" म्हणजे काय? ते पैसे कमी होते का?

१९०१ पासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड देता येत. सामना जिंकल्याचा बोनस बेकायदा होता. सही करताना द्यायची रक्कम दहा पौंडांपुरती मर्यादित होती. शिवाय क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे नोंदणी करता येत नसे, करार संपला तरीही.

भारतात तेव्हा सरकारी दर एका पौंडाला १५ रुपये होता, म्हणजे आठवड्याला ६० रुपये. कुशल कारागिराच्या साधारण दुप्पट. खाणीतून आलेल्या मुलाला ही रक्कम मोठीच वाटे. पण खेळण्याची वर्षं मोजकी, पाय मोडला की उत्पन्न बंद, आणि ज्याच्या खेळावर तीस-चाळीस हजार लोक तिकीट काढतात त्याला आणि राखीव खेळाडूला कमाल मर्यादा एकच. तिकिटांचा पैसा क्लबकडे साचत होता आणि तो खेळाडूला उघडपणे देता येत नव्हता. मग तो टेबलाखालून जाऊ लागला. नियम कागदावर कडक, व्यवहारात सर्रास मोडलेला, आणि पकडला गेला की शिक्षा मुख्यतः खेळाडूला. आमच्या मते त्या काळाच्या इंग्लिश फुटबॉलमधली ही सर्वांत अन्यायकारक व्यवस्था होती, आणि ती १९६१ पर्यंत टिकली. १९१० मध्ये जुन्या खेळाडूंसाठी मर्यादा पाच पौंडांपर्यंत वाढवली गेली, एवढाच दिलासा.

७. १९०६ मध्ये सिटीने मेरेडिथ, टर्नबुल यांच्यासारखे खेळाडू शेजारच्या युनायटेडला का दिले?

सिटीने आपखुशीने दिले नाहीत, त्यांच्याकडे पर्यायच उरला नव्हता.

१९०४–०५ च्या हंगामात सिटी विजेतेपदाच्या शर्यतीत होती आणि टर्नबुल संघात सर्वाधिक गोल करत होता. शेवटचा सामना अॅस्टन व्हिलाच्या मैदानावर, २९ एप्रिल १९०५ रोजी. तो सिटी २–३ अशी हरली आणि न्यूकॅसल ४८, एव्हर्टन ४७, सिटी ४६ अशा गुणांनी तिसरी आली. सामना धसमुसळा झाला, टर्नबुल आणि व्हिलाचा कर्णधार अॅलेक लीक यांची जोरदार जुंपली. चौकशी या हाणामारीपासून सुरू झाली आणि तिच्यातून दुसरंच बाहेर आलं. सामना सोडण्यासाठी मेरेडिथने आपल्याला दहा पौंड देऊ केले, असं लीकने सांगितलं. मेरेडिथवर बंदी आली.

बंदीच्या काळात खेळाडूला पगार द्यायला मनाई होती. सिटीने हात वर केले, तेव्हा क्लब मर्यादेपेक्षा जास्त पैसे देतो हे मेरेडिथने उघड केलं. इंग्लिश फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने हिशेबाच्या वह्या तपासल्या. एकट्या मेरेडिथला आठवड्याला सहा पौंड मिळत होते. १९०६ च्या उन्हाळ्यात निकाल लागला. टॉम मेली आणि माजी अध्यक्ष यांच्यावर कायमची बंदी, आणखी दोन संचालक निलंबित, क्लबला २५० पौंड दंड, आणि टर्नबुलसह १७ खेळाडूंना मिळून सुमारे ९०० पौंड दंड, १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळायला मनाई आणि पुन्हा कधीही सिटीकडून खेळायचं नाही अशी अट.

म्हणजे सिटीला सगळा संघ विकणं भाग होतं. मँचेस्टरच्या क्वीन्स हॉटेलात इतर क्लबांचे प्रतिनिधी खेळाडू घ्यायला जमले. पण युनायटेडचे सचिव-व्यवस्थापक अर्नेस्ट मँगनॉल यांनी त्याआधीच हवे ते चौघे हेरून ठेवले होते. मेरेडिथ, टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर. युनायटेडचा पुढच्या पाच वर्षांचा सुवर्णकाळ या चार सह्यांवर उभा आहे.

८. मग त्याचं युनायटेडकडून पदार्पण कधी?

बंदी संपली त्याच दिवशी, १ जानेवारी १९०७. बँक स्ट्रीट मैदान, प्रतिस्पर्धी पुन्हा अॅस्टन व्हिला, सुमारे ४० हजारांची गर्दी. मेरेडिथच्या क्रॉसवर टर्नबुलने गोल केला आणि युनायटेड १–० जिंकली. तो १९०६ मध्ये खेळला असं लिहिलेलं दिसलं तर ते चूक आहे. करार १९०६ चा, खेळ १९०७ चा.

९. त्याचा सर्वांत चांगला हंगाम कोणता?

निःसंशय १९०७–०८. लीगच्या ३० सामन्यांत २५ गोल. सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध ४–० विजयात हॅटट्रिक, ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नविरुद्ध आणखी एक, आणि २३ नोव्हेंबरला वुलिच आर्सेनलविरुद्ध ४–२ सामन्यात चारही गोल त्याचेच. युनायटेड ५२ गुणांनी पहिल्यांदा विजेती ठरली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या व्हिला आणि सिटी प्रत्येकी ४३ वर राहिल्या. विजयाला दोनच गुण मिळण्याच्या काळात नऊ गुणांची आघाडी म्हणजे एकतर्फी हंगाम.

आकड्यांपलीकडेही हा हंगाम महत्त्वाचा आहे. टर्नबुल गोलपुढे ताटकळणारा नव्हता, वीस यार्ड मागून धावत येऊन गोल करणारा होता. इनसाइड-लेफ्टने ३० सामन्यांत २५ गोल करणं त्या तीन-खेळाडू ऑफसाइडच्या काळात किती अवघड, हे प्रश्न ४ मधला नियम डोळ्यांपुढे आणला की कळतं. बचाव फळीतला एकच बॅक पुढे सरकला तरी अख्खं आक्रमण ऑफसाइडमध्ये अडकत असे.

१०. मँचेस्टर डर्बीत, म्हणजे सिटी-युनायटेड सामन्यात, बाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू तोच का?

होय. २१ डिसेंबर १९०७, बँक स्ट्रीट. त्याने आपल्या जुन्या संघाविरुद्ध दोन गोल केले, मग रेफरीने त्याला बाहेर काढलं. युनायटेड ३–१ जिंकली. "लाल कार्ड" मात्र लिहू नये, कार्डं १९७० च्या वर्ल्ड कपपासून आली.

११. १९०९ च्या फायनलला तो जखमी होता, तरी खेळवला का?

गुडघा दुखावला होता आणि मँगनॉल त्याला खेळवायला राजी नव्हते. बदली खेळाडू नसल्यामुळे धोका खरा होता. गुडघा पाचव्या मिनिटाला दगा देता तर उरलेली ८५ मिनिटं दहा जणांनी काढावी लागली असती. कर्णधार चार्ली रॉबर्ट्सने त्याची बाजू घेतली. त्याचं म्हणणं असं की तो एखादा गोल करेल, आणि तेवढा केला तर पुढे त्याला नुसतं मैदानात सांभाळून घेणंही परवडेल.

घडलं तसंच. २४ एप्रिल १९०९, क्रिस्टल पॅलेस, ७१ हजारांवर प्रेक्षक, समोर ब्रिस्टल सिटी. दोन्ही संघांचा रंग लाल असल्याने युनायटेड पांढऱ्या शर्टावर लाल "व्ही" घालून उतरली होती. २२ व्या मिनिटाला हॅल्सचा फटका आडव्या दांड्यावर आदळून परतला आणि टर्नबुलने तो जाळ्यात मारला. तोच निकाल राहिला, १–०. युनायटेडचा हा पहिला एफए कप.

१२. सिटी आणि युनायटेड दोघांकडून एफए कप जिंकलेला तो एकटाच का?

नाही. १९०४ (सिटी १–० बोल्टन) आणि १९०९ या दोन्ही अंतिम सामन्यांत मेरेडिथही होता. १९०४ चा गोल मेरेडिथचा, १९०९ चा टर्नबुलचा.

१३. "आउटकास्ट्स एफसी" हा खरा क्लब होता का?

क्लब नव्हे, संपकरी खेळाडूंनी स्वतःला घेतलेलं नाव. आउटकास्ट्स म्हणजे बहिष्कृत.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पिरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली. पुढाकार युनायटेडच्या खेळाडूंचा. मागण्या दोन: पगाराची मर्यादा उठवा आणि जखमी खेळाडूला कामगार म्हणून नुकसानभरपाईचा हक्क द्या. संघटना इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडली जाऊ लागली तसा फुटबॉल असोसिएशनचा संयम सुटला. १ जुलै १९०९ पर्यंत संघटना सोडा, नाहीतर नोंदणी रद्द, असा आदेश निघाला. बहुतेक क्लबांच्या खेळाडूंनी माघार घेतली. नुकताच कप जिंकलेल्या युनायटेडच्या खेळाडूंनी घेतली नाही. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांना येऊन मिळाला. क्लबचं मैदान बंद, म्हणून सराव फॅलोफील्डला. तिथेच पाटीवर "आउटकास्ट्स एफसी १९०९" लिहून काढलेला तो प्रसिद्ध फोटो, आणि त्यात टर्नबुल आहे.

उन्हाळ्याचा पगार थांबला होता. रॉबर्ट्सने पुढे सांगितलेली हकिकत अशी की पैसे मिळेनात तेव्हा खेळाडूंनी क्लबच्या ऑफिसातल्या वस्तूच उचलायला सुरुवात केली आणि टर्नबुल आरसा काखेत मारून निघाला होता. ऑगस्टच्या अखेरीस, हंगामाच्या तोंडावर तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, खेळाडूंची बंदी उठली, पगाराची मर्यादा मात्र जागची हलली नाही. आजची इंग्लंडमधली व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना याच संघटनेची वारस आहे. म्हणून टर्नबुलच्या नावापुढे नुसतं "फिक्सर" लिहिणाऱ्यांनी हा फोटोही शेजारी लावावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

१४. ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला गोल त्याचा होता, मग तो सामना युनायटेड हरली कशी?

१९ फेब्रुवारी १९१०, मैदानाचं उद्घाटन, समोर लिव्हरपूल. पहिला गोल टर्नबुलचा, हेडरने. युनायटेड ३–१ अशी पुढे होती, मग लिव्हरपूलने ओळीने तीन गोल करून ४–३ असा सामना नेला. विक्रम त्याच्या नावावर, गुण लिव्हरपूलच्या.

१५. १९११ चं विजेतेपद शेवटच्या दिवशी मिळालं म्हणतात. त्यात त्याचा वाटा किती?

त्या हंगामात लीगमध्ये त्याचे १८ गोल, एनॉक वेस्टचे १९. दोघांनी मिळून संघ ओढला. शेवटच्या आधीच्या शनिवारी युनायटेड व्हिलाकडे २–४ अशी हरली आणि विजेतेपद हातातून निसटल्यासारखं झालं. २९ एप्रिलला युनायटेडने सन्डरलंडला ५–१ असं हरवलं, त्यात टर्नबुलचा एक गोल होता. त्याच दुपारी व्हिला लिव्हरपूलमध्ये हरली. युनायटेड ५२, व्हिला ५१. यानंतर त्याचे गोल कमी होत गेले आणि १९१२ मध्ये मँगनॉलही क्लब सोडून सिटीकडे गेले.

१६. १९१५ च्या फिक्स झालेल्या सामन्यात तो खेळला होता का?

नाही, आणि गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहे. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड २–० लिव्हरपूल. दोन्ही गोल जॉर्ज अँडरसनचे. टर्नबुल त्या दिवशी संघात नव्हता.

सामन्यात खटकण्यासारखं बरंच होतं. युनायटेडच्या पॅट्रिक ओ'कॉनेलने पेनल्टी गोलपासून लांब मारली. २–० झाल्यावर कुणीच जोर लावेना. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा फटका दांड्यावर बसला तेव्हा त्याचेच सहकारी त्याच्यावर चिडले. मग कळलं की नेमक्या २–० या निकालावर एकास सात या भावाने मोठ्या रकमा लागल्या होत्या. चौकशी समितीने डिसेंबर १९१५ मध्ये निकाल दिला. युनायटेडचे टर्नबुल, वेस्ट आणि आर्थर व्हॉली. लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि टॉम फेअरफूल. आणि चेस्टरचा लॉरेन्स कुक. आठही जणांवर आजन्म बंदी.

म्हणजे टर्नबुलवरचा ठपका कटात सामील असण्याचा होता, मैदानावर सामना सोडण्याचा नव्हता. शेल्डन हा युनायटेडचाच जुना खेळाडू, दोन ड्रेसिंग रूममधला दुवा तो. युनायटेडच्या तिघांपैकी प्रत्यक्ष मैदानावर एकटा वेस्ट होता.

असं का केलं असेल? महायुद्धामुळे हा हंगाम संपला की लीग बंद पडणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि लीग बंद म्हणजे पगार बंद. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला हे आपल्या कारकिर्दीचे शेवटचे पैसे वाटले असणार. हे समर्थन नव्हे. पैसे देऊन स्टेडियममध्ये आलेल्या माणसाची ती फसवणूकच होती. पण चौदा वर्षं ज्या खेळात हक्काचे पैसे चोरून घ्यावे लागत होते (प्रश्न ६), तिथे ही पायरी किती जवळ आली होती हेही नजरेआड करता येत नाही.

१७. त्या दोन गुणांमुळे प्रत्यक्षात कुणाचं नुकसान झालं? टॉटनहॅमचं म्हणतात.

हिशेब करून पाहा. १९१४–१५ ची अखेरची स्थिती: युनायटेड ३० गुण (गोल ४६, स्वीकारले ६२), चेल्सी २९ (५१–६५), टॉटनहॅम २८ (५७–९०). खालचे दोन संघ द्वितीय श्रेणीत जाणार.

युनायटेड तो सामना हरती, तर तिचे २८ गुण झाले असते. टॉटनहॅमशी बरोबरी, पण सरासरीत युनायटेड पुढे. म्हणजे टॉटनहॅम विसाव्या स्थानी, युनायटेड एकोणिसाव्या, चेल्सी सुरक्षित. गोलशून्य बरोबरी झाली असती तरी २९ गुणांवर चेल्सीची सरासरी सुमारे ०.७८ आणि युनायटेडची ०.७१, तेव्हाही खाली युनायटेडच जाती. टॉटनहॅम दोन्ही हिशेबांत तळालाच आहे.

म्हणून नुकसान चेल्सीचं होतं, टॉटनहॅमचं नव्हे. निकाल रद्द झाला नाही. १९१९ मध्ये लीग पुन्हा सुरू करताना प्रथम श्रेणी २० वरून २२ संघांची केली आणि चेल्सीला वर ठेवलं. दुसरी वाढीव जागा मतदानाने आर्सेनलला मिळाली आणि टॉटनहॅम खाली गेला. टॉटनहॅमची तक्रार खरी आहे, पण ती त्या मतदानाबद्दलची, गुड फ्रायडेच्या सामन्याबद्दलची नाही.

१८. त्याला तुरुंगवास झाला का? कोर्टात काही सिद्ध झालं का?

या प्रकरणात त्याच्यावर फौजदारी खटला चालला नाही. शिक्षा फुटबॉलच्या संस्थांनी दिली. कोर्टात गेला तो एनॉक वेस्ट, स्वतःच्या निर्दोषत्वासाठी, आणि तो हरला. युद्धानंतर १९१९ मध्ये युद्धसेवेची दखल घेऊन बाकीच्यांची बंदी उठवली. वेस्टची मात्र १९४५ पर्यंत उठली नाही.

१९. म्हणजे टर्नबुलची बंदीही उठली? मग तो पुन्हा खेळला का?

उठली, पण मरणोत्तर. तो सैन्यात फुटबॉलपटूंच्या बटालियनमध्ये, म्हणजे मिडलसेक्स रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनमध्ये दाखल झाला होता. नंतर तो ईस्ट सरे रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनमध्ये गेला आणि लान्स सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत पोचला. ३ मे १९१७ रोजी पहाटे पावणेचारला, अंधारातच, अरासच्या आग्नेयेला शेरिझी गावावर हल्ला झाला. बटालियन गावात घुसली, पण बाजूच्या तुकड्या मागे पडल्याने तिला माघार घ्यावी लागली. त्या गोंधळात टर्नबुल बेपत्ता झाला. त्याचा देह ओळखता आला नाही. सहआरोपींपैकी व्हॉली युद्धातून परतला आणि युनायटेडकडून पुन्हा खेळला. ती संधी टर्नबुलला मिळाली नाही.

२०. स्कॉटलंडकडून तो एकही सामना का खेळला नाही?

स्कॉटलंडचे अधिकृत सामने वर्षाला तीनच असत: इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंड. निवड समिती करायची. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या स्कॉटिश खेळाडूंना १८९६ पासून वाट खुली होती, पण जागा मोजक्या आणि देशात राहून खेळणाऱ्यांची संख्या मोठी. दोन लीग विजेतेपदं आणि दोन एफए कप पदरात असलेला फॉरवर्ड एकदाही निवडला जाऊ नये, हा आमच्या मते त्याच्यावरचा अन्याय आहे. काही याद्यांत त्याच्या नावापुढे आंतरराष्ट्रीय सामने दिसतात, ते चुकीचे आहेत.

२१. त्याची कबर कुठे आहे? नोंद कशी शोधायची?

कबर नाही. त्याचं नाव फ्रान्समधल्या अरास स्मारकावर कोरलेलं आहे. कबर ज्ञात नसलेल्या सुमारे ३५ हजार सैनिकांची नावं तिथे आहेत.

कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर नोंद मोफत पाहता येते. आडनाव टर्नबुल एवढंच टाकलं तर पहिल्या महायुद्धातली खूप नावं येतात. मृत्यूची तारीख ३ मे १९१७ आणि रेजिमेंट ईस्ट सरे असं टाकलं की नेमका माणूस सापडतो. मिडलसेक्स रेजिमेंट निवडून शोधणाऱ्यांना तो मिळत नाही, कारण नोंद मृत्यूच्या वेळच्या रेजिमेंटप्रमाणे असते. नोंदीत भिंतीच्या कोणत्या भागावर नाव आहे तेही दिलेलं असतं. तो क्रमांक लिहून घेऊन गेलात तर तिथे शोधाशोध करावी लागत नाही. स्मारक अरास शहरातच, फोबूर-दामियाँ दफनभूमीत आहे.

२२. मँचेस्टरला जाणार आहे. त्याच्या काळातलं काय पाहायला मिळेल?

ओल्ड ट्रॅफर्ड अर्थातच, पण १९१० च्या मूळ बांधणीतलं तिथे फारच थोडं उरलं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात मैदानाचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. स्टेडियममधल्या संग्रहालयासाठी सामन्याचा दिवस टाळून वेळ आधी ठरवावी. बँक स्ट्रीटचं मैदान क्लेटन भागात, आजच्या सिटीच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिथे आता सायकलिंगचं वेलोड्रोम आहे, आणि समोरच्या एका घराच्या भिंतीवर जुन्या मैदानाची आठवण सांगणारी पाटी आहे. सिटीचं हाइड रोड मैदान १९२३ मध्येच सोडलं गेलं, त्याचं काही शिल्लक नाही. शहराच्या मध्यभागी राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय आहे, पाऊस असेल तर आधी तिथे जावं. लंडनला थांबणार असाल तर क्रिस्टल पॅलेसच्या बागेतल्या क्रीडा केंद्राची जागा पाहा. १९०४ आणि १९०९ चे दोन्ही अंतिम सामने तिथेच झाले.